व्युत्पत्तीचा मोह : जुने इंग्रजी शब्द आणि नांदेड-लातूरची मराठी

इंग्रजी विषय घेऊन एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला ‘इंग्रजी भाषेचा इतिहास’ हा भाग कुठे ना कुठे गाठतोच, आणि बहुतेकांना तो नकोसा वाटतो. हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे ते शब्द आजच्या इंग्रजीशी तोंडवळ्यानेही जुळत नाहीत. नांदेड आणि लातूर परिसरात मी हा भाग बरीच वर्षे शिकवला. समोरची मुले मुखेड, देगलूर, निलंगा, उदगीर, अहमदपूर अशा तालुक्यांतून आलेली असत. घरी मराठी, बाजारात दखनी उर्दू, आणि सीमेकडच्यांच्या कानावर कन्नड किंवा तेलुगूही पडलेली. त्यांना जुनी इंग्रजी समजावताना मला पदोपदी मराठीचा आधार घ्यावा लागे. पुढे पुढे तो व्यवहार दोन्ही बाजूंनी होऊ लागला. जुन्या इंग्रजी शब्दांची वाटचाल पाहता पाहता आमच्या बोलीतल्या शब्दांविषयीचे काही प्रश्न मला स्पष्ट दिसू लागले. या लेखात ते मांडायचे आहेत.

प्रश्न थोडक्यात असा. शब्दाचे मूळ सापडले की त्याचा खरा अर्थ सापडला, असे आपण धरून चालतो. ‘एटिमॉलॉजी’ या शब्दातच ती गोम आहे. ग्रीक भाषेत ‘एटिमॉस’ म्हणजे खरा. मूळ अर्थ तो खरा आणि नंतरचे सगळे अर्थ म्हणजे बिघाड, ही समजूत त्या नावासोबतच चालत आली. आपल्याकडे तिला आणखी एक जोड मिळाली. मूळ संस्कृतात दाखवता आले की शब्दाला प्रतिष्ठा मिळते, नाही दाखवता आले की तो ग्राम्य ठरतो. माझे म्हणणे असे की मूळ हा शब्दाच्या चरित्राचा पहिला प्रसंग आहे, निकाल नाही. मराठवाड्यात आज हा वाद पंडितांपुरता राहिलेला नाही. एका जुन्या शब्दाच्या नोंदीवर इथल्या घराघरांतले दाखले अवलंबून आहेत.

भाकर कोणाची?

इंग्रजीतला ‘लॉर्ड’ हा शब्द आपण दरबारी थाटाचा समजतो. त्याचे जुने रूप ‘ह्लाफवेअर्ड’. ‘ह्लाफ’ म्हणजे पाव, आजचा ‘लोफ’. ‘वेअर्ड’ म्हणजे राखणारा. लॉर्ड म्हणजे भाकरीचा राखणदार. ‘लेडी’चे जुने रूप ‘ह्लॅफदिगे’, म्हणजे कणीक मळणारी. याच घरात तिसरा माणूसही होता, ‘ह्लाफएटा’, म्हणजे भाकर खाणारा. घरच्या अन्नावर जगणारा आश्रित किंवा चाकर. केंटचा राजा एथेलबर्ट याचा सातव्या शतकाच्या आरंभीचा कायदा हा इंग्रजी भाषेतला सर्वांत जुना कायदा मानला जातो. त्यात सामान्य शेतकऱ्याच्या अशा ‘भाकर खाणाऱ्या’ला कोणी मारले तर ६ शिलिंगांची भरपाई सांगितली आहे. राखणारा, मळणारी आणि खाणारा अशी तीन नाती एका भाकरीभोवती उभी होती. त्यांतला राखणारा सरदार झाला, मळणारी सरदारीण झाली आणि खाणारा भाषेतून नाहीसा झाला. शब्दांच्या जगातही कोण टिकते हे पाहण्यासारखे आहे.

संस्कृतात याच घरची दुसरी जोडी आहे. ‘भर्ता’ म्हणजे पोसणारा आणि ‘भृत्य’ म्हणजे ज्याला पोसायचे तो. दोन्ही ‘भृ’ धातूपासून. इंग्रजी शब्दांशी यांचे रक्ताचे नाते नाही, पण विचार तोच. भर्ता पुढे नवऱ्यापुरता उरला, आणि जात्यावरच्या ओव्यांत तो ‘भरतार’ होऊन अगदी घरचा झाला. ओवी गाणारीला पोसण्याचा धातू ठाऊक असण्याचे कारण नाही. तिच्या तोंडी भरतार म्हणजे आपला माणूस.

आता नांदेड-लातूरच्या खेड्यांत या. इथली बाई नवऱ्याचे नाव घेत नाही; ‘मालक शेताकडं गेलेत’ असे म्हणते. ‘मालक’ हा शब्द मुळात अरबी, फार्सीच्या वाटेने मराठीत आलेला, आणि त्याच्या मुळाशी ताब्यात असण्याची कल्पना आहे. एवढ्यावरून ‘ही बाई स्वतःला मालमत्ता समजते’ असा निष्कर्ष काढणारे लेख मी वाचले आहेत. ही बाई नवऱ्याला मालक म्हणते, सालगडीही त्याच माणसाला मालक म्हणतो, आणि दुकानदार अनोळखी गिऱ्हाईकाला ‘या मालक’ म्हणून बोलावतो. तीन तोंडी तीन अर्थ आहेत. पहिल्यात नाव टाळण्याची रीत आहे, दुसऱ्यात वर्षाचा करार आहे, तिसऱ्यात गोड बोलून माल खपवण्याची युक्ती आहे. घरातली सत्ता कोणाकडे आहे हा प्रश्न खराच आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण त्याचे उत्तर अरबी धातूत मिळणार नाही. सातबाऱ्यावर बाईचे नाव आहे की नाही, हे पाहिल्यावर मिळेल.

मूळ शोधण्यात आनंद नाही असे नाही. ‘ह्लॅफदिगे’मधला मळण्याचा धातू संस्कृत ‘दिह्’ म्हणजे लिंपणे याचा भाऊ आहे. त्यापासून आपला ‘देह’ आला, इंग्रजीत कणकेला ‘डो’ म्हणतात तो शब्द आला, आणि जुन्या इराणी भाषेत भोवती भिंत घातलेल्या बागेला जो शब्द होता तो ग्रीकमार्गे ‘पॅरडाइज’ झाला. देह, लेडी, कणीक आणि स्वर्ग हे एकाच मातीकामातून निघाले. ऐकून वर्गातली पेंगणारी मुलेही सावरून बसत. पण या सोयरिकीवरून लेडीचा अर्थ देह होत नाही आणि देहाचा अर्थ स्वर्ग होत नाही.

मृग, मिरग, मुर्गी

अर्थ आकसतो कसा, याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणजे ‘डिअर’. जुन्या इंग्रजीत ‘देओर’ म्हणजे कोणतेही जनावर. जर्मन भाषेत ‘टीअर’ आजही त्याच अर्थाने चालतो. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्येही बारीकसारीक जिवांसाठी हा शब्द जुन्या अर्थाने आलेला आहे. १०६६ नंतर फ्रेंच बोलणाऱ्यांचे राज्य आले, जनावराला ‘बीस्ट’ हा फ्रेंच शब्द आणि पुढे ‘ॲनिमल’ हा लॅटिन शब्द मिळाला. जुन्या शब्दाची जागा आक्रसत गेली आणि शेवटी तो शिकारीच्या सर्वांत आवडत्या जनावरापुरता, हरणापुरता उरला.

हे शिकवताना मुलांना कोडे घालता येते: सिंहाला ‘मृगराज’ का म्हणतात? तो हरणांचा राजा म्हणून? माकडाला ‘शाखामृग’ का म्हणतात? राजा ‘मृगया’ करायला निघे तेव्हा त्याला वाघ-डुकरे वर्ज्य होती काय? उत्तर समोरच आहे. वैदिक भाषेत ‘मृग’ म्हणजे रानातले कोणतेही जनावर. संस्कृतातच पुढे तो हरणापुरता आकसला आणि मराठीने तो आकसलेलाच घेतला. जुना अर्थ फक्त समासांच्या सांदीत अडकून राहिला, जसे नाकपुडीच्या ‘नॉस्ट्रिल’ या इंग्रजी शब्दात भोकासाठीचा जुना शब्द ‘थिरेल’ अडकून राहिला आहे. शेजारच्या भाषांनी मात्र जुना अर्थ जपला. देगलूर-उदगीर ओलांडून कर्नाटकात गेले की प्राणिसंग्रहालयाला ‘मृगालय’ म्हणतात. मराठी माणसाला आत फक्त हरणेच असतील असे वाटावे.

याच शब्दाचा इराणी भाऊ अवेस्ताच्या भाषेत पक्षी झाला. फार्सीत तो ‘मुर्ग’. ‘सीमुर्ग’ हा दंतकथेतला महापक्षी त्याच घराण्यातला. हिंदुस्थानात येईपर्यंत मुर्ग कोंबड्यापुरता उरला. म्हणजे नांदेडच्या बाजारात ‘मुर्गी कैसी दी?’ म्हणून विचारणारा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आभाळाकडे पाहत ‘मिरग निघाला’ म्हणणारा शेतकरी, दोघे एकाच शब्दाच्या दोन फांद्यांवर बसले आहेत. या शेतकऱ्याच्या ‘मिरगा’त हरीण कुठेच नाही. नक्षत्राच्या आकृतीत ते कधीकाळी कोणाला दिसले असेल. त्याच्या मिरगात पेरणी आहे, बियाण्याची उधारी आहे, ओल किती बोटे गेली याचा अंदाज आहे. कोशात ‘मिरग : मृग या शब्दाचा अपभ्रंश’ एवढेच लिहिले तर यातले काहीच लिहिले गेले नाही. ‘अपभ्रंश’ म्हणजे घसरलेला. पण हा शब्द नव्या कामाला लागला आहे.

यॉर्क आणि लातूर

माणसाला शब्दाचे मूळ लागते ते त्यात स्वतःला पाहण्यासाठी, हे गावांच्या नावांत फार स्वच्छ दिसते. इंग्लंडमधल्या यॉर्क शहराचे सर्वांत जुने नाव केल्टिक होते, त्यात यू नावाच्या झाडाचा शब्द होता असे मानतात. रोमन लोकांनी त्याचे ‘एबोराकुम’ केले. अँग्लो-सॅक्सन आले, त्यांना त्या आवाजाचा अर्थ लागेना. त्यांच्या भाषेत ‘एओफर’ म्हणजे रानडुक्कर, म्हणून त्यांनी ‘एओफरविक’, रानडुकरांचे गाव, असे नाव केले. डेन लोकांनी त्याचे ‘योरविक’ केले, आणि त्याचे पुढे यॉर्क झाले. डुकराचा त्या नावाशी काही संबंध नव्हता. पण अर्थहीन नाव जिभेवर फार काळ राहत नाही. लोक त्याला अर्थ देतात.

लातूरचेही असेच आहे. राष्ट्रकूट राजे आणि नंतरचे सौंदत्तीचे रट्ट आपल्या बिरुदात मूळ गावाचा अभिमान मिरवत. ते स्वतःला ‘लट्टलूर’ या श्रेष्ठ नगरीचे अधिपती म्हणवत. हे लट्टलूर म्हणजे लातूर, असे इतिहासकार मानत आले आहेत. नावाच्या शेवटी ‘ऊर’ आहे. कन्नड-तेलुगूत ‘ऊरु’ म्हणजे गाव. देगलूर, चाकूर, शिरूर या नावांच्या शेवटीही तोच ऊर ऐकू येतो. (अहमदपूर, रेणापूर यांतला ‘पूर’ निराळा.) पण स्थानिक माहात्म्यपरंपरेत लातूरचे नाव ‘रत्नापूर’ आहे. लट्टलूरचा अर्थ लागेना तेव्हा संस्कृत रत्ने आणून बसवली गेली. नांदेडचे तसेच. गोदावरीच्या तटावर नंदीने तप केले म्हणून ‘नंदीतट’, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पण वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या चौथ्या शतकातल्या वाशीम ताम्रपटात या प्रदेशाचा उल्लेख आहे तो ‘नांदीकड’ असा. तट तिथे नाही.

म्हणून रत्नापूर आणि नंदीतट ही नावे खोटी ठरवून टाकावीत काय? मला तसे वाटत नाही. लातूर शब्दाचे मूळ म्हणून रत्नापूर चुकीचे आहे; लातूरकरांनी आपल्या गावाकडे कसे पाहिले याचा पुरावा म्हणून ते अस्सल आहे. दोन नोंदी वेगळ्या ठेवल्या म्हणजे झाले. इंग्लंडच्या पूर्वेकडे व्हिटबी, ग्रिम्सबी, डर्बी अशा ‘बी’ने संपणाऱ्या नावांची रांग आहे. ‘बी’ म्हणजे डेन लोकांच्या भाषेत गाव. त्या नावांमुळे डर्बीची माणसे आज कमी इंग्रज ठरत नाहीत. ‘ऊर’ने लातूर कमी मराठी होत नाही. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. त्याच वर्षी नांदेड जिल्ह्यातले मुधोळ, भैंसा, कुबेर, बिचकुंदा, जुक्कल हे भाग आंध्र प्रदेशात गेले. रेघ कागदावर पडली. शब्द त्याआधी कित्येक शतके दोन्हीकडे ये-जा करत होते.

शेतकरी, घरधनी, शिवी

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ‘हजबंड’ हा शब्द इंग्रजीत उत्तरेकडून, नॉर्स भाषेतून आला. ‘हूस’ म्हणजे घर, ‘बोन्दी’ म्हणजे जमीन धरून राहणारा, शेतकरी. हजबंड म्हणजे घरधनी. तो लग्न झालेला असो की नसो. ‘नवरा’ हा अर्थ नंतर आला. जुना अर्थ ‘हजबंड्री’ या शब्दात राहिला. इंग्रजीत शेतीला आजही तो शब्द आहे.

याच्याशी आपला ‘कुणबी’ ताडून पाहा. टर्नर यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या तुलनात्मक कोशात तो ‘कुटुंबिन्’पासून आला असे दाखवले आहे. कुटुंबिन् म्हणजे कुटुंब असलेला, घरधनी. त्यापासून शेत कसणारा. खुद्द ‘कुटी’, ‘कुटुंब’ या शब्दांचे नाते द्राविडी भाषांतल्या घर, कुळ अशा अर्थाच्या ‘कुडि’शी काही अभ्यासक जोडतात. म्हणजे संस्कृत मुळाच्याही खाली आणखी एक मूळ आहे. इंग्रजी हजबंड शेतकऱ्यापासून नवऱ्याकडे गेला. आपल्याकडे ‘कुटुंब’ शहरी मराठीत बायकोकडे गेले आणि ‘कुणबी’ शेताकडे. शेताकडून तो समूहाच्या, जातीच्या नावाकडे गेला. आणि ‘कुणबाऊ’ या विशेषणात तो चक्क टिंगलीचा शब्द झाला. कुणबाऊ भाषा म्हणजे गावंढळ भाषा.

इंग्रजीतही शेतकऱ्याची तीच गत झाली. एथेलबर्टच्या कायद्यातला, ज्याच्या चाकराच्या जिवाची किंमत ६ शिलिंग होती तो ‘चेओर्ल’ हा स्वतंत्र शेतकरी. आजच्या इंग्रजीत ‘चर्ल’ म्हणजे उद्धट, असंस्कृत माणूस. ‘बूर’ म्हणजे गावंढळ. तो जुन्या ‘शेतकरी’ अर्थाच्या शब्दांच्या कुळातला. त्याच कुळातला ‘येबूर’ हा जुना इंग्रजी शब्द ‘नेबर’मध्ये मात्र सुखाने नांदतो आहे. नेबर म्हणजे जवळचा शेतकरी, शेजारी. नांगर धरणारा शिवी झाला, कारण कोश आणि काव्य लिहिणारा हात नगरातला होता. आपल्या काव्यशास्त्रानेही ‘ग्राम्य’ हा दोष म्हणून नोंदवला आणि ‘नागर’ हा गुण.

मराठवाड्यात ‘कुणबी’ शब्दाला आज कोणते वजन आले आहे ते सांगायला नको. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि निजामकाळातल्या कागदपत्रांत कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले. मोडी, उर्दू, फार्सी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटच्या अंमलबजावणीचा शासन निर्णय निघाला. आरक्षण कोणाला किती मिळावे हा या लेखाचा विषय नाही. तो निकाल कायद्याने आणि समाजाने करायचा आहे. पण या वादात व्युत्पत्ती ज्या तऱ्हेने वापरली जाते, तिच्याविषयी बोलणे माझे काम आहे. एक बाजू म्हणते, कुणबी म्हणजे कुटुंबिन्, म्हणजे शेती करणारा प्रत्येक जण कुणबीच. दुसरी म्हणते, कुणबी हा मुळात धंद्याचा शब्द, म्हणून जातीच्या रकान्यात तो आलाच तरी त्याला अर्थ नाही. दोघेही निजामकाळातल्या कागदाचा अर्थ दोन हजार वर्षांपूर्वीच्या शब्दावरून लावतात. त्या रकान्यात कुणबी लिहिणाऱ्या कारकुनाला कुटुंबिन् ठाऊक नव्हता. त्याच्यासमोर एक फॉर्म होता, वरून आलेल्या सूचना होत्या, आणि सांगणारा माणूस होता. त्या वर्षी, त्या तालुक्यात, त्या रकान्यात ‘कुणबी’ म्हणजे काय, हे त्याच दप्तरातल्या शेजारच्या नोंदींवरून ठरवावे लागेल. ते कष्टाचे काम आहे. व्युत्पत्ती दोन ओळींत सांगता येते, म्हणून सभेत ती चालते.

कोश कशासाठी?

इंग्रजांनाही मुळाचा मोह सुटला होता. डॉर्सेटचा कवी विल्यम बार्न्स याने परके शब्द काढून शुद्ध सॅक्सन शब्द घडवण्याचा ध्यास घेतला. व्याकरणाला त्याने ‘स्पीचक्राफ्ट’ म्हटले आणि १८७८ साली त्याच नावाने पुस्तक काढले. तो शब्द चालला नाही. त्याच सुमारास दुसरीकडे वेगळे काम उभे राहत होते. १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत कल्पना निघाली, १८७९ पासून जेम्स मरे यांनी संपादन हाती घेतले, १८८४ साली पहिला भाग आला आणि १९२८ साली ऑक्सफर्डचा तो कोश पुरा झाला. त्याची पद्धत साधी होती. शब्द कोणत्या साली, कोणत्या वाक्यात, कोणत्या अर्थाने आला हे वाचकांनी चिठ्ठीवर लिहून पाठवायचे. संपादकाने त्या चिठ्ठ्या सालवार लावायच्या. त्यामुळे ‘डिअर’ केव्हा आकसला आणि ‘चर्ल’ केव्हा बिघडला हे वाचकाला स्वतः पाहता येते. त्यात मूळही असते, पण ते चरित्राच्या आरंभी असते, शेवटी नाही.

मराठीत परिश्रमाची उणीव नव्हती. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. बोलीतले शब्द त्याने मन लावून टिपले. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत आला; ग्रंथांतले दाखले आणि प्रांतिक शब्द देण्याची त्याची तळमळ आजही थक्क करते. व्युत्पत्तीकडे वळले की चित्र बदलते. राजवाड्यांचे कोश संस्कृत धातूंकडे धाव घेतात. त्यांची झेप विलक्षण, पण मधली पायरी पुष्कळदा अंदाजाची. कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ अधिक संयमी आहे आणि अजून त्याला पर्याय नाही. तरी मूळ रूप दाखवले की त्याचे काम संपते. अर्थ कोणत्या शतकात, कोणत्या भागात वळला याची साखळी देणे हा त्याचा हेतूच नव्हता. विश्वनाथ खैरे यांनी उलट दिशेने जाऊन मराठीची मुळे तमिळमध्ये दाखवली. संस्कृताभिमानाला तो धक्का आवश्यक होता. पण संस्कृतच्या जागी तमिळ ठेवल्याने पद्धत बदलत नाही. दोन्हीकडे शब्द आपल्या आईच्या नावाने ओळखला जातो. त्याने स्वतः आयुष्यभर काय केले हे विचारले जात नाही.

अपवाद शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांच्या १९९९ साली निघालेल्या जुन्या मराठीच्या कोशाचा. तिथे शब्दापुढे दाखला आहे, दाखल्यापुढे ग्रंथ आहे. यादवकालीन मराठीविषयी बोलायचे तर आज त्याशिवाय गत्यंतर नाही. पण तो जिथे थांबतो तिथेच मराठवाड्याची पुढची सहाशे वर्षे सुरू होतात: बहमनी, बरीदशाही, निजामशाही, मोगल, आसफजाही. ‘मालक’ आणि ‘मुर्गी’ इथे आले, ‘कुणबी’ दप्तरात गेला, तो काळ कोणत्याच सालवार कोशात नाही. माधव जूलियनांचा १९२५ चा फार्सी-मराठी कोश फार्सी मूळ सांगतो. ते शब्द नांदेडच्या तहसिलीत काय अर्थाने चालले हे सांगणे त्याचे काम नव्हते.

घराबरोबर गेलेले शब्द

हे काम तातडीचे का, ते शेवटी सांगतो. इंग्रजी ‘विंडो’ हा शब्द नॉर्स ‘विन्दाउगा’, म्हणजे वाऱ्याचा डोळा. त्याआधी जुन्या इंग्रजीत ‘एआगथिरेल’ होता, म्हणजे डोळ्याचे भोक. ‘नॉस्ट्रिल’मध्ये लपलेला तोच ‘थिरेल’. आपला ‘गवाक्ष’ही डोळाच, बैलाचा. लातूरकडच्या माळवदाच्या घराला भिंतीत खिडक्या फारशा नसत. उजेड वरून येई. छतातल्या त्या भोकाला ‘सानं’ म्हणत. पावसात त्यावर झाकण पडे. प्रवेशाच्या खोलीला ‘ढाळज’; फार्सी ‘दहलीज’ त्यात ऐकू येते. भिंतीत धान्य साठवायला ‘बळद’, जमिनीत ‘पेव’, दिवा ठेवायला ‘दिवळी’.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक झोपले होते तेव्हा, किल्लारी परिसरात ही घरे कोसळली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचा मातीचा भार यांखाली हजारो माणसे गेली. नंतर गावे नव्या जागी वसली, सरळ रस्त्यांची, हलक्या छताची. तसेच व्हायला हवे होते. माळवदाची आठवण म्हणून कोणी पुन्हा दगडमातीखाली झोपावे असे मी म्हणणार नाही. पण घर बदलले तेव्हा ‘सानं’ हा शब्द ठेवायला जागा उरली नाही. भूकंपानंतर जन्मलेली मुले माझ्या वर्गात येऊ लागली तेव्हा ‘विन्दाउगा’ त्यांना परीक्षेपुरता पाठ होता, ‘सानं’ त्यांनी ऐकलेला नव्हता. जुन्या घराचा शब्द आज साठीच्या पुढच्या माणसांकडे आहे. त्याचे मूळ कन्नड की संस्कृत, हे पन्नास वर्षांनीही शोधता येईल. तो कशाला म्हणत, हे तेव्हा सांगायला कोणी नसेल.

नांदेडला १९९४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. मराठवाड्यात गावोगावी महाविद्यालये आहेत, त्यांत मराठीचे, इंग्रजीचे, उर्दूचे विभाग आहेत, आणि सुटीत घरी जाणारी मुले आहेत. मरे यांच्या वाचकांनी केले ते आपल्या मुलांना करता येईल. पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी पुरे: शब्द, सांगणाऱ्याने वापरलेले पुरे वाक्य, कशाला म्हणतात, सांगणाऱ्याचे वय, गाव, तालुका, साल. जुन्या दप्तरातला शब्द असेल तर कागदाचे साल आणि रकान्याचे नाव. दोन्ही जिल्ह्यांतून अशा काही हजार चिठ्ठ्या जमल्या तर पुढच्या वादात कोणाला कुटुंबिन्पर्यंत धावावे लागणार नाही. व्युत्पत्तीचा रकाना कोरा राहिला तरी चालेल. वाक्य, गाव आणि साल मात्र कोरे राहू नये.